पतमर्यादा : वाढवताना संमती, घटवताना नुसती खबर
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

मराठीत 'पत' हा शब्द पैशापेक्षा माणसाला अधिक चिकटलेला आहे. "त्याची गावात पत आहे" असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या खिशात किती रुपये आहेत हे सांगायचे नसते. त्याने मागितले तर सहसा कोणी नाही म्हणणार नाही, एवढेच सुचवायचे असते. पत म्हणजे दुसऱ्याने आपल्यावर टाकलेला विश्वास, आणि तो दुसऱ्याचा असल्यामुळे त्याला तो केव्हाही काढून घेता येतो. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत हा काढून घेण्याचा प्रसंग कसा घडतो, त्यामागे बँकेचे कोणते हिशेब असतात, आणि नियम आपल्या बाजूने कुठवर उभे राहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना पदवीनंतर पहिली नोकरी लागते न लागते तोच कार्डासाठी फोन येऊ लागतात. ज्या घरांत आजवर उधारी म्हणजे वाण्याच्या वहीतले पान एवढीच होती, त्या घरांतला पहिला पदवीधर हाच बहुधा पहिला कार्डधारकही ठरतो. त्याला सांगणारे घरात कोणी नसते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम मर्यादा म्हणजे काय ते पाहू. व्यवहारात सगळे तिला 'लिमिट' म्हणतात. बँक आपल्याला ८०,००० रुपयांचे लिमिट देते, म्हणजे ८०,००० रुपये देत नाही; तेवढ्यापर्यंत खर्च करू देण्याची तयारी दाखवते. आपण १९,००० रुपये खर्च केले की ६१,००० शिल्लक दिसतात. हे ६१,००० आपले आहेत असे वाटू लागते, आणि इथेच घोटाळा होतो. बचत खात्यातील शिल्लक हे बँकेने आपल्याला देणे असते. कार्डावरील शिल्लक हे कोणाचेच देणे नसते. ती नुसती शक्यता असते. पडद्यावर मात्र दोन्ही आकडे एकाच अक्षरात, एकाच रंगात दिसतात.

अचानक पत आटणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. इतिहासाच्या तासाला आपण दख्खनच्या दंग्यांविषयी शिकतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला जाईना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरी सावकारांना, शहरी सावकारांनी गावच्या सावकारांना आणि त्यांनी कुणब्यांना पैसा पुरवला. कापसाखालच्या दर एकरामागे शंभर रुपये उचल मिळू लागली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि ज्या सावकाराने घरी येऊन पैसा दिला होता त्याने दार लावून घेतले. त्याच सुमारास सरकारने शेतसाराही भरमसाट वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले व जाळले. हे लोण अहमदनगरकडे पसरून तीसहून अधिक गावांत पोहोचले.

या प्रकरणात माझे लक्ष एका गोष्टीने वेधले. सावकार व्याज फार घेत होता, वह्यांत लबाडी करत होता, या तक्रारी होत्याच. पण त्यांबरोबर दुसरीही एक तक्रार होती, ती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले देणे-घेणे त्याने मधेच थांबवले. अडीअडचणीला सावकाराने नाही म्हणू नये, ही कागदावर न लिहिलेली रीत होती. ती मोडली याचा राग कर्जाच्या रागाइतकाच होता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याला दिलेल्या रकमेची पावती आणि वर्षाचा लेखी हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. सावकाराने कर्ज दिलेच पाहिजे, असे मात्र कोणत्याही कायद्याने त्याला सांगितले नाही, आणि सांगणे शक्यही नव्हते. माहिती मिळण्याचा हक्क आहे पण पत मिळण्याचा हक्क नाही, ही जी रेषा तेव्हा आखली गेली, ती आजच्या क्रेडिट कार्डाच्या नियमांतही जशीच्या तशी दिसते. ती कशी, ते पुढे येईल.

माझ्या मामेभावाचे उदाहरण येथे देते, कारण त्यावरून सगळी यंत्रणा समजते. दादा पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरीला आहे. एका बँकेचे कार्ड त्याच्याकडे चार वर्षे होते. लिमिट ८०,०००, आणि प्रत्येक बिल तो मुदतीत पूर्ण भरत असे. गेल्या वर्षी मामी घसरून पडली, मांडीचे हाड मोडले, आणि रुग्णालयाने शस्त्रक्रियेपूर्वी ४०,००० रुपये अनामत मागितली. दादाने कार्ड दिले. ते चालले नाही. खिडकीवरच्या माणसाने दोनदा यंत्रात घालून पाहिले आणि विचारले, "साहेब, दुसरं एखादं कार्ड आहे का?" मोबाइलवर पाहिले तर लिमिट २२,००० झालेले. १९,००० चा खर्च आधीच झालेला असल्याने हाती उरले होते ३,०००. बँकेकडून ना संदेश, ना पत्र. त्या रात्री मामाच्या एका मित्राने पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामीच्या पाटल्या पतसंस्थेत तारण गेल्या.

आता बँकेने असे का केले? दादाचा या कार्डाचा एकही हप्ता चुकलेला नव्हता, म्हणून त्याला हा निव्वळ अन्याय वाटला. परंतु बँक केवळ आपल्याच खात्याकडे पाहत नाही. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यानुसार देशात चार कंपन्या आपल्या प्रत्येकाच्या कर्जाची नोंद ठेवतात. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. लोक या चौघींनाही सरसकट 'सिबिल' म्हणतात. प्रत्येक बँक व कर्ज देणारी कंपनी यांना माहिती पुरवते. पूर्वी ती महिन्याला जात असे, १ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याला जाऊ लागली. दादाने दुचाकीसाठी एका वित्त कंपनीचे कर्ज घेतले होते. कारखान्याचा पगार दोन महिने उशिरा झाला, आणि दोन्ही वेळा खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला. चार-पाच दिवसांत त्याने तो भरलाही. पण नोंद व्हायची ती झाली, आणि कार्डाच्या बँकेने ती वाचली. म्हणजे उशीर कारखान्याचा, नोंद दुचाकीच्या कर्जावर, आणि कात्री चालली ती कार्डावर!

ही झाली माणसागणिक कारणे. अशी आणखी आहेत. कार्ड फार दिवस न वापरणे, उलट सतत काठोकाठ वापरणे, थोड्या काळात अनेक ठिकाणी कर्जासाठी अर्ज करणे. परंतु काही वेळा ग्राहकाने काहीही केलेले नसते आणि तरीही लिमिट घटते. त्याचे कारण बँकेच्या भांडवलाच्या हिशेबात असते. बँकेने दिलेल्या प्रत्येक कर्जामागे स्वतःचे काही भांडवल बाजूस ठेवावे लागते, आणि कर्ज जितके जोखमीचे तितके ते अधिक. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने अनुसूचित वाणिज्य बँकांच्या क्रेडिट कार्डावरील येण्याचा जोखीमभार १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. किमान भांडवलाचे प्रमाण ९ टक्के धरले, तर कार्डावरच्या शंभर रुपयांमागे आधी सव्वा अकरा रुपये भांडवल लागत होते, ते साडेतेरा लागू लागले. ग्राहक तोच, त्याची वागणूक तीच, पण तो बँकेला महाग झाला.

न वापरलेल्या लिमिटची गोष्ट याहून मनोरंजक आहे. ८०,००० पैकी दादाने न वापरलेले ६१,००० हे बँकेने दिलेले वचन आहे. त्यामागे भांडवल ठेवायचे की नाही? बाझल येथील आंतरराष्ट्रीय समितीने २००४ च्या चौकटीत असे ठरवले होते की, जे वचन बँक केव्हाही, विनाशर्त आणि पूर्वसूचनेशिवाय रद्द करू शकते, ते भांडवलाच्या हिशेबात शून्य धरावे. २०१७ च्या सुधारणेत हा आकडा १० टक्के केला गेला, म्हणजे ६१,००० पैकी ६,१०० रुपये जणू दिलेलेच आहेत असे मानायचे. कार्डाच्या करारात बारीक अक्षरांत "बँक कोणत्याही वेळी पूर्वसूचनेशिवाय मर्यादा कमी करू शकेल" असे वाक्य असते, ते वाचून बँकेच्या उद्धटपणाचा राग येतो. परंतु त्या वाक्याला पैशात मोजता येणारी किंमत आहे. ते काढले तर प्रत्येक न वापरलेल्या रुपयामागे बँकेला अधिक भांडवल अडकवावे लागेल. ते वाक्य आपल्याला धमकावण्यासाठी घातलेले नाही, बँकेच्या ताळेबंदासाठी घातलेले आहे. आपल्यावर होणारा परिणाम अर्थात तोच.

संकटाच्या काळात हे वाक्य जागे होते. २००८-०९ च्या आर्थिक अरिष्टात अमेरिकेतील बँकांनी मोठ्या प्रमाणावर कार्डांची लिमिटे कापली; २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडेही तसे घडले. पगार कापला जातो त्याच महिन्यात लिमिटही कापले जाते. छत्री पावसातच परत मागितली जाते, आणि बँकेच्या दृष्टीने यात विसंगती काहीच नाही, कारण पाऊस पडू लागला की तिची छत्री भिजते.

आता नियमांकडे वळू. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट व डेबिट कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले. ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यांत लिमिटविषयी दोन शेजारशेजारची विधाने आहेत. पहिले असे की, बँकेने आपण होऊन लिमिट वाढवू नये, त्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी. दुसरे असे की, लिमिट कमी केल्यास बँकेने ते ग्राहकाला कळवावे. वाढवताना संमती, घटवताना खबर. शब्द नीट पाहिले पाहिजेत. दुसऱ्या वाक्यात 'आधी' हा शब्द नाही. किती दिवसांत कळवावे, कारण द्यावे की नाही, याचाही उल्लेख नाही. त्याच निर्देशांत शुल्कांत बदल करायचा झाल्यास किमान एक महिन्याची पूर्वसूचना सांगितली आहे. म्हणजे वार्षिक शुल्क शंभर रुपयांनी वाढवायचे तर महिनाभर आधी सांगा, आणि ५८,००० रुपयांची पत काढून घ्यायची तर नुसते कळवा!

या फरकामागचा विचार मला कळतो. वाढवलेले लिमिट हे कर्जात ढकलणे आहे, म्हणून तिथे ग्राहकाचे रक्षण हवे. कमी केलेल्या लिमिटने तो कर्जापासून दूरच राहतो. शिवाय आधी सांगितले तर खरोखर बुडणारा माणूस सूचना मिळताच उरलेले सगळे लिमिट वापरून घेईल, ही बँकेची भीती अगदीच खोटी नाही. परंतु रुग्णालयाच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला हा विचार उपयोगी पडत नाही. निदान कपात होताच त्याच क्षणी मोबाइलवर संदेश गेला पाहिजे, एवढे तरी नियमात लिहायला काय हरकत आहे? कार्डावर दहा रुपयांचा चहा घेतला तरी संदेश तत्काळ येतो. यंत्राला ते जमत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

अमेरिकेतील स्थिती तुलनेसाठी पाहण्यासारखी आहे. तेथेही लिमिट कमी करण्यापूर्वी सांगण्याचे सरसकट बंधन नाही. पण कमी केलेले लिमिट ओलांडले गेले म्हणून दंड किंवा दंडाचा व्याजदर लावायचा असेल, तर ४५ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. आणि १९७४ च्या समान पतसंधी कायद्यानुसार, ज्याचे खाते सुरळीत चालले आहे अशा ग्राहकाविरुद्ध निर्णय घेतल्यास ३० दिवसांत तसे कळवावे लागते, आणि नेमके कारण सांगावे किंवा ते मागण्याचा त्याला हक्क आहे हे तरी सांगावे लागते. खात्यावर थकबाकी असेल किंवा ते वापरातच नसेल तर हा नियम लागत नाही. कारण मागण्याचा हक्क ही गोष्ट मला मोलाची वाटते. दादाला पहिल्या उत्तरात "अंतर्गत धोरणानुसार आढावा घेण्यात आला" एवढेच लिहून आले होते.

लिमिट घटले की दुसरे एक नुकसान निमूटपणे होते. पतमाहिती कंपन्या जो गुणांक काढतात, सिबिलचा ३०० ते ९०० मधला, त्यात आपण मिळालेल्या मर्यादेपैकी किती भाग वापरतो हेही पाहिले जाते. दादाचा वापर १९,००० हाच होता. ८०,००० पैकी तो सुमारे २४ टक्के होता. २२,००० पैकी तो ८६ टक्के झाला. हा वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. म्हणजे दादाने एक रुपयाही अधिक न खर्चता तो कागदावर हावरट कर्जदार झाला. ते पाहून दुसरी बँकही हात आखडता घेऊ शकते. एका बँकेची शंका दुसऱ्या बँकेला पुरावा वाटते, हा या पद्धतीतला खरा दोष आहे.

तेव्हा लिमिट कापल्याचे कळताच प्रथम काय करावे? भांडू नये, थकबाकी शक्य तेवढी लगेच खाली आणावी, बिलाच्या तारखेची वाट न पाहता. बिल निघण्याआधी पैसे भरले तर बँकेकडून पुढे जाणारा आकडाच लहान होतो. त्यानंतर त्या कार्डावरून दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमा पाहाव्यात. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, मोबाइल. नव्या लिमिटात त्या बसत नसतील तर विम्याचा हप्ता परत जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मर्यादेपलीकडचा खर्च आणि त्यावरचे शुल्क यांसाठी आपण स्पष्ट संमती दिलेली असावी लागते, हेही २०२२ च्या निर्देशांत आहे. ती संमती पूर्वी कधी दिली होती का, हे तपासावे.

मग आपला पतअहवाल मागवावा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल गुणांकासह फुकट मिळतो. ही सोय २०१७ पासून आहे. अनेक जण खासगी ॲपवाल्यांना पैसे देऊन तोच अहवाल घेतात, ते कशासाठी ते कळत नाही. अहवालात चूक असेल, उदाहरणार्थ फेडलेले कर्ज चालू दिसत असेल, तर ती दुरुस्त करायला ३० दिवसांची मुदत आहे. तीत काम झाले नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली आणि ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली. लिमिट कापण्याचे मूळ अशा चुकीत असेल तर तक्रारीचा सर्वांत भक्कम आधार हाच.

आता तक्रार. येथे पुष्कळ लोक चुकीच्या दारावर डोके आपटतात. "माझे लिमिट पूर्ववत करा" असे लिहून ते थेट लोकपालाकडे जातात. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत स्पष्ट म्हटले आहे की, बँकेच्या व्यापारी निर्णयाविरुद्धची तक्रार दाखल करून घेतली जाणार नाही. कोणाला किती पत द्यायची हा व्यापारी निर्णय. त्यामुळे ती मागणी दारातच अडते. पण 'मला कळवले नाही' ही तक्रार व्यापारी निर्णयाविरुद्ध नाही. ती सेवेतील उणिवेची तक्रार आहे, आणि लोकपाल त्यासाठीच बसलेला आहे. १८७९ ची ती रेषा ही अशी आज आपल्या अर्जातून जाते. पत मागू नये. खबर मागावी, तिचा पुरावा मागावा, आणि खबर न मिळाल्याने झालेले नुकसान मागावे.

दादाच्या पहिल्या अर्जात संताप फार होता आणि तारीख एकही नव्हती. दुसरा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. त्याचा सारांश असा :

"माझ्या कार्डाची मर्यादा ८०,००० रुपयांवरून २२,००० रुपये केल्याचे मला अमुक तारखेला, व्यवहार नाकारला गेल्यावर समजले. मर्यादा कोणत्या तारखेस कमी केली? त्याची सूचना मला कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या क्रमांकावर अथवा पत्त्यावर पाठवली? तिची प्रत द्यावी. पतमाहिती अहवालावरून निर्णय घेतला असल्यास कोणत्या कंपनीच्या, ते कळवावे. सूचना न मिळाल्याने तारणावर कर्ज घ्यावे लागले. त्याचे व्याज व शुल्क यांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. माझ्या गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या पाहून मर्यादेचा फेरविचार व्हावा, ही विनंती."

मागणी आणि विनंती यांत येथे मुद्दाम फरक केला आहे. खबरेविषयीची ती मागणी आणि लिमिटविषयीची ती विनंती. अर्ज ग्राहक सेवेच्या दूरध्वनीवर न सांगता लेखी, बँकेच्या मुख्य नोडल अधिकाऱ्याच्या नावे पाठवला आणि तक्रार क्रमांक घेतला. मोठ्या बँकांत एक अंतर्गत लोकपालही असतो. आपण त्याच्याकडे जाऊ शकत नाही, पण तक्रार पूर्णतः वा अंशतः फेटाळण्यापूर्वी बँकेला ती त्याच्यापुढे ठेवावी लागते. म्हणून पहिल्या नकारानंतर गप्प बसू नये. सतरा दिवसांनी उत्तर आले. मोबाइलवरचा संदेश मर्यादा कमी केल्यानंतर चौथ्या दिवशी निघाला होता, हे बँकेने मान्य केले. पतसंस्थेच्या व्याजाची रक्कम कार्डाच्या खात्यात जमा झाली, आणि फेरविचार होऊन लिमिट ५०,००० झाले. ८०,००० झाले नाही. पाटल्या त्यापूर्वीच सुटल्या होत्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तरच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रार तिच्या संकेतस्थळावर करता येते किंवा चंडीगढ येथील केंद्राकडे टपालाने पाठवता येते. १४४४८ या क्रमांकावर माहितीही मिळते. शुल्क नाही. २०२१ च्या योजनेत वकिलामार्फत केलेली तक्रार घेतली जात नसे, आणि ही गोष्ट मला उलट धीर देणारी वाटते. अर्ज स्वतःच लिहायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. योजनेचे मुदतीचे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा बँकेचे उत्तर येताच पुढचे पाऊल टाकावे; महिने घालवू नयेत.

रागाच्या भरात कार्ड बंद करावे काय? दादाचा पहिला विचार तोच होता. कायद्याने ते सोपे आहे. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, नाही तर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. पण दुसरे कार्ड असेल तर त्यावरचा वापराचा टक्का एक कार्ड बंद केल्याने आणखी चढतो, आणि जुन्या खात्याचा चांगला इतिहासही हळूहळू मागे पडतो. वार्षिक शुल्क नसलेले कार्ड असेल तर ते ठेवावे आणि महिन्यातून एखादा लहान खर्च करून लगेच फेडावा, हे बरे. वार्षिक शुल्क भरून कापलेले लिमिट बाळगण्यात मात्र काही अर्थ नाही.

राहता राहिला तो करारातल्या त्या बारीक वाक्याचा प्रश्न. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही नवी कल्पना आणली आहे. एका पक्षाला रास्त कारणाविना एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारे कलम त्यात मोडते. लिमिट कमी करणे म्हणजे करार संपवणे नव्हे, असे बँक म्हणणार. ८०,००० चे २२,००० करणे आणि संपवणे यांत अंतर किती, असे ग्राहकाने म्हणावे. वाद घालण्याजोगा आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. सेवेतील उणिवेची तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणीच चालते, आणि आमच्या तालुक्यातून तिकडे जायला सकाळी सातची एस. टी. आहे.